राजीनाम्याची वेलांटी

बाई,

तुझी तेरवी आटोपून परवा मी कटंगीहून लाखनीला परत आलो. काल शाळेत गेलो. नववीच्या वर्गात खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभा राहिलो आणि काय लिहायचं तेच सुचेना. पोरं वाट बघत होती. ‘आज मनातल्या मनात वाचा,’ असं सांगून मी खुर्चीत बसून राहिलो. एकोणीस वर्षं मराठी शिकवतो आहे. असं कधी झालं नव्हतं.

तुला पत्र लिहून आता काही उपयोग नाही, हे कळतं. पण तुझ्या नवऱ्यानं, भाटव्यांनी, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मला जे सांगितलं, ते ऐकल्यापासून तुझ्याशिवाय कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

आपली आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि तू अकरा. तू चौथीत होतीस. बाबा रोवणीच्या चिखलात, घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून तुझी शाळा सुटली. हे मला गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं. तू कधीच नाही. मला आठवते ती तू मला कडेवर घेऊन तलावाच्या पाळीवरून चालतेस ती. पुढं मी शाळेत जायला लागलो तेव्हा तू दारापर्यंत पोचवायचीस आणि मी आत गेल्यावरही भिंतीशी थांबायचीस. संध्याकाळी मला विचारायचीस, ‘आज गुरुजीनं काय शिकवलं? मलेबी सांग नं.’ मी सांगायचो. पण मी फार भरभर सांगायचो, आणि तू चुकलीस की हसायचो.

तुझं लग्न झालं तेव्हा मी दहा वर्षांचा. मध्यप्रदेशात, कटंगीजवळच्या गावात तू गेलीस. आपल्यासारखीच धानाची माणसं, तसेच तलाव, शेताच्या तशाच बांध्या. बोलणंही जवळपास आपलंच. फक्त तिकडं शाळा हिंदी, कचेरी हिंदी, दुकानाच्या पाट्या हिंदी. भाटवे बोलायचे आपल्यासारखे आणि लिहायचे हिंदीत. पहिल्या दिवाळीला तू आलीस तेव्हा सांगत होतीस, ‘मोटार पुरी खाली होती, म्हणून बसायले जागा भेटली.’ मी विचारलं, ‘कशाच्या खाली?’ तू गोंधळून बाबांकडं बघितलंस. मग तुझ्या ध्यानात आलं आणि तूच खळखळून हसलीस. ‘तिकडं रिकाम्याले खाली म्हणतेत रे, गणू. मी आता तिकडलीच झाली.’

तेव्हा ती गंमत होती.

मी मास्तर झालो, लाखनीच्या शाळेत लागलो, आणि तुझी पत्रं शाळेच्या पत्त्यावर येऊ लागली. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. एकदा तू लिहिलंस, ‘सरिताचे बाबा म्हणतेत पोरीले घरीच ठेवू. तू मास्तर आहेस. तू तिले तुझ्याजवळ ठेवून चांगली शिक्षा दे.’ ते वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘बघा, आमच्या भाचीनं काय गुन्हा केला कोण जाणे, शिक्षा द्यायला माझ्याकडं पाठवतात!’ सगळे हसले. मग मी तुला उत्तर लिहिलं. ‘मराठीत शिक्षा म्हणजे दंड. तुला शिक्षण म्हणायचं आहे.’ इतकंच नाही, तुझं ते पत्र लाल शाईनं तपासून, वेलांट्या-उकार सुधारून, उत्तरासोबत परत पाठवलं. वाटलं, बहिणीला आपण चार अक्षरं शिकवतो आहोत.

सरिताला ठेवून घेईन की नाही, हे मात्र मी लिहायचं विसरलो. तू परत विचारलं नाहीस. पोरीची शाळा पाचवीला सुटली. परवा तुझ्या दारात तिला पाहिलं. तिच्या कडेवर लेकरू होतं, आणि मला तिच्याशी धड बोलवेना.

तरी तू पत्रं लिहीत राहिलीस. मी तपासून परत पाठवत राहिलो. तू एकदा लिहिलंस, ‘तुझी लाल शाई पाहून शाळेत गेल्यासारखं वाटते.’ मी ते कौतुक समजलो. असेलही. आता कुणाला विचारू?

बाबा त्र्याहत्तर साली गेले. आपली जमीन ती किती, सात-आठ बांध्या. तलाठ्यानं फेरफारात दोघांचीही नावं लावली, तुझं आणि माझं. मला तो म्हणाला, ‘गुरुजी, बहिणीकडून हक्कसोड घेऊन टाका. सगळेच घेतात.’ सगळेच घेतात, हे मला पुरलं. मी कटंगीला यायला हवं होतं. तुझ्यासमोर बसून बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी हक्कसोडीचा मसुदा पाकिटात घातला आणि त्यावर पेन्सिलीनं फुली मारली, ‘येथे सही कर.’ सोबत पत्र होतं ते चार ओळींचं.

तुझं उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी भंडाऱ्याच्या कोर्टातून वाटणीच्या दाव्याची नोटीस आली. दावा तुझ्या नावानं, पण बोलविते धनी भाटवे, हे मला कळत होतं. गावात मात्र मी तुझंच नाव घेतलं. ‘आमची बाई जमिनीसाठी कोर्टात गेली,’ असं पारावर बसून सांगितलं. लोकांनी माना हलवल्या. मला बरं वाटलं.

आणि मग तो कागद आला.

शहात्तरचा उन्हाळा होता, शाळेला सुट्टी लागली होती. भाटव्यांचा धाकटा भाऊ उन्हातून घरी आला, पाणी प्यायला आणि पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाला, ‘भाभीनं देल्लं आहे. वाचून सही करून द्या म्हणे. मी बसतो.’

कटंगीच्या कुणा अर्जनवीसानं लिहिलेला हिंदी कागद होता. डोक्यावर मोठ्या अक्षरात शब्द होता, ‘राजिनामा’. खाली फरीक अव्वल, फरीक दोयम, दस्तबरदार असले कोर्टातले शब्द. दस्तबरदार म्हणजे हक्क सोडणारा, इतकं मी ऐकून होतो. शेवटी दोन सह्यांच्या जागा. एका जागेवर तुझी सही होती. दुसरी जागा माझी.

माझं डोकं तापलं. राजीनामा! मी जमिनीचा राजीनामा द्यायचा? बाबांच्या जमिनीवरून मी उठायचं आणि वर सही करायची? अव्वल कोण, दोयम कोण, कोण सोडतं आणि कोण घेतं, हे मी पाहिलंच नाही. शब्द माझ्या ओळखीचा होता. ओळखीच्या शब्दाचा अर्थ कोण शोधत बसतं?

मी लाल पेन घेतला. आधी ‘राजिनामा’तल्या ‘जि’ची ऱ्हस्व वेलांटी खोडली आणि दीर्घ केली. सवयच होती ती. मग खाली लिहिलं, ‘देणार नाही. पुन्हा असले कागद पाठवू नयेत.’ पाठवू नयेत! तुला, बाई, मी असं लिहिलं. तुझा दीर कागदाकडं बघून म्हणाला, ‘मास्टरजी, एकडाव पुरा वाचून त घ्या.’

मी म्हणालो, ‘मले वाचता येते.’

तो कागद घेऊन उठला आणि गेला. माझ्या बायकोनं ताट वाढलं होतं, ते तसंच राहिलं.

महिन्याभरानं तुझा निरोप आला. दावा काढून घेतला आहे, हक्कसोडीवर सही करायला भंडाऱ्याला येते. मला वाटलं, मी ठाम राहिलो म्हणून ते नमले. निबंधकाच्या कचेरीत तू आलीस. हिरवं लुगडं होतं. भाटवे बाहेर कडुनिंबाखाली उभे राहिले, आत आलेच नाहीत. कारकुनानं दाखवलं तिथं तू सावकाश, एकेक अक्षर जोडून ‘सुभद्रा’ लिहिलंस आणि अंगठाही उमटवलास. शाई पुसायला कारकुनानं चिंधी दिली. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, ‘झालं नं रे तुझं?’

‘झालं,’ मी म्हणालो.

तू तशीच उभी राहिलीस. कशाची वाट बघत होतीस ते मला तेव्हाही कळत होतं. ‘घरी चल, जेवून जा’ एवढं म्हणायचं होतं. मी घड्याळ बघितलं. तू पदर सावरलास आणि भाटव्यांच्या मागं एस.टी. स्टँडकडं गेलीस. तुमसरच्या गाडीला गर्दी होती. तुला बसायला जागा मिळाली की नाही, हे मी थांबून पाहिलं नाही.

त्यानंतर तुझं पत्र आलं नाही. बहिणींना माहेरी आणायचा तिजा आला की माझी बायको म्हणायची, ‘बाईले आणाले जा नं.’ मी म्हणायचो, ‘तीच कोर्टाची पायरी चढली.’ सरिताच्या लग्नाची पत्रिका पोस्टानं आली. मी गेलो नाही. सात वर्षं गेली, बाई. धान निघत होतं, पोरं पास होत होती, आणि मी स्वतःला अन्याय झालेला माणूस समजत होतो.

आमच्या शाळेत हिंदी शिकवायला दुबे गुरुजी आले, जबलपूरकडचे. एकदा मधल्या सुट्टीत चहा पिताना ते खुशीत म्हणाले, ‘चलो, पड़ोसी से राजीनामा हो गया. दीवार का झगड़ा खत्म.’

मी विचारलं, ‘पडोसी को राजीनामा क्यों दिया? घर छोड रहे हो क्या?’

ते हसले. ‘अरे मास्टर साहब, राजीनामा माने सुलह. दोनों राजी, कागज पर दस्तखत. नौकरी छोड़ने को तो हम इस्तीफा कहते हैं.’

बाकीचे हसायला लागले. मराठीचा मास्तर हिंदीत कसा फसला म्हणून एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी चहा तसाच ठेवून उठलो.

घरी येऊन मी ट्रंक उपसली. पण कागद कुठं असणार? तो मीच परत पाठवला होता. त्यात काय लिहिलं होतं, हे माझ्या घरात कुणालाच सांगता येणार नव्हतं. मग मी कोश उघडला. राजी म्हणजे खुशी, नामा म्हणजे कागद. शब्द फारसीतून आला, एकच शब्द. तिकडं दोघांनी राजी होऊन भांडण मिटवण्याचा कागद झाला. इकडं पूर्वी कुळं आपल्या खुशीनं शेत सोडताना सरकारला जो कागद लिहून द्यायची, तो राजीनामा. त्यातूनच पुढं नोकरी सोडण्याचा झाला. लिहायला दोन्हीकडं सारखा. एका मुलखात जवळ येण्याचा, दुसऱ्या मुलखात सोडून जाण्याचा. आणि बाई, त्यावर मी काय केलं, तर वेलांटी तपासली.

त्याच दिवशी कटंगीची गाडी धरायला हवी होती. नाही धरली. कधी परीक्षा आडव्या आल्या, कधी धानाची कापणी, कधी पाऊस. खरं सांगायचं तर लाज आडवी आली. तुझ्यासमोर उभं राहून ‘मला शब्द कळला नाही’ हे म्हणायचं होतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडातून निघेल असं मला वाटेना. असं करत दीड वर्ष काढलं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शेवटी आलो. तू अंगणात सूप घेऊन बसली होतीस. माझ्याकडं बघितलंस, सूप खाली ठेवलंस आणि म्हणालीस, ‘काहून रे गणू, एवढा वाळला?’ जणू मी आदल्या महिन्यातच येऊन गेलो होतो. पाय धुवायला पाणी दिलंस. लाखोरीच्या डाळीचं वरण केलंस, भात वाढलास. वाळली होतीस तूच. हाताची कातडी लोंबत होती. मी विचारलं तर म्हणालीस, ‘पोट दुखत राह्यते. औषध चालू आहे.’

मग तू तलावाचं विचारलंस. ‘यंदा तलाव भरून सलंगावरून पाणी गेलं का? पाळीवरचे आंबे आहेत का तोडले?’ एकेका बांधीचं नाव घेऊन विचारलंस. मी सांगत होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो. शेवटी म्हणालो, ‘बाई, मले एक सांगायचं आहे. तो कागद...’

तू माझ्या ताटात भात टाकलास. ‘जुनं काही काढू नको रे. जेव.’

आणि मी जेवलो.

मला हायसं वाटलं. हे तुला सांगितलंच पाहिजे. तू मोठ्या मनानं माफ केलंस, आता बोलायची गरज नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि दुसऱ्यांदा वरण मागितलं. निघताना तू एस.टी.पर्यंत आलीस, वाटेत दोनदा थांबून दम घेतलास. ‘येत जा,’ म्हणालीस. मी म्हणालो, ‘उन्हाळ्यात येतो, सावकाश बोलू.’

फाल्गुनात तार आली. मी पोचलो तेव्हा तुला नेऊन झालं होतं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. भाटवे ओसरीवर एकटेच बसले होते. म्हातारे दिसायला लागलेत. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि जे तुला सांगायला हवं होतं ते त्यांना सांगून टाकलं. शब्द, दुबे गुरुजी, कोश, सगळं. 

मग म्हणाले, ‘दावा मी टाकला होता, मास्टर. थे नाराज होती माझ्यावर. दोन वर्षं माझ्यामागं लागली, मिटवा म्हणे. तो कागद तिनं स्वता जाऊन लिहून घेतला.’

‘त्यात काय लिहिलं होतं?’

‘सारी जमीन तुमची. फक्त पाळीखालच्या बांधीवर तुमच्या संगं तिचंबी नाव राहीन. धान तुमीच न्यायचं. तिले निस्तं नाव पाहिजे होतं. बापाच्या गावात आपलं नाव कुठंतरी लिहून असावं, एवढंच.’



ते पुढं म्हणाले, ‘तुमची लाल शाई पाहून मी त्याच दिवशी तिले म्हटलं, तुझ्या भावाची समजण्यात गलती झाली आहे. तिकडं ह्या शब्दाचा मतलब दुसरा होते. माणूस पाठवतो, समजावून सांगतो. त माझ्यावरच चिडली.’

‘काय म्हणाली?’

भाटव्यांनी गमछ्यानं डोळे पुसले. ‘म्हणे, माझा भाऊ मास्तर आहे. शेकडो पोराइले शब्द शिकवते तो. त्याले एका शब्दाचा अर्थ समजत नाही असं होईनच कसं? त्यानं समजूनच नाही म्हटलं. त्याले माझं नाव नको आहे, त नको. आणि लुगडं बदलून म्हणाली, चला, भंडाऱ्याले. दावा काढून घेऊ, त्याले पाहिजे ते देऊन टाकू.’

बाई, तू भाटव्यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवला नाहीस. माझ्या अडाणीपणापेक्षा माझा दुष्टपणा तुला सहज पटला, कारण माझ्या विद्येवर तुझा एवढा विश्वास होता. ती विद्या मला मिळावी म्हणून तू चौथीतून घरी बसली होतीस. स्वतःचा राग यावा म्हटलं तरी मला तुझाच राग येतो. एकदा तरी शंका घ्यायची होतीस. एकदा तरी लिहायचं होतंस, ‘गणू, तुले समजलं नाही.’ मी तेही तपासून परत पाठवलं असतं कदाचित. पण मग आपण भांडलो तरी असतो.

मी भाटव्यांना म्हणालो, ‘ती बांधी सरिताच्या नावानं करून देतो.’ त्यांनी नकार दिला. ‘जिले पाहिजे होती थे गेली. आता कागद नका करू, मास्टर.’ सरिता दाराआडून ऐकत होती. ती बाहेर आली आणि बापाला म्हणाली, ‘मले पाहिजे. मायचं नाव त नाही राह्यलं, माझं तरी राहू द्या.’ ती माझ्याकडं बघत नव्हती. तिच्या आवाजात माया नव्हती, आणि ती असावी अशी अपेक्षा करायचा मला हक्क नाही. सोमवारी ती भंडाऱ्याला येणार आहे. मी स्टँडवर जाऊन उभा राहीन. तिला घरी घेऊन येईन, आली तर.

याच्यानं तुझं काही भरून निघत नाही, हे मला ठाऊक आहे. तू मला चूक समजून माफ केलं नाहीस. तू मला नीच समजून माफ केलंस, वरण वाढलंस आणि दम लागला असताना एस.टी.पर्यंत सोडायला आलीस. हे मी कुठं ठेवू?

दिवाळीत तू जेव म्हणालीस तेव्हा मी ताट बाजूला सारून बोलायला हवं होतं. तू ऐकलं असतंस. हसलीही असतीस कदाचित.

मले समजलं नव्हतं, बाई. खरंच समजलं नव्हतं.